विंचवाचे बिऱ्हाड, पाण्याची रेघ

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण कोणाबद्दल म्हणतो तेव्हा त्यात थोडी कीव असते. बदलीची नोकरी, भाड्याची खोली, दोन ट्रंका आणि वळकटी. ऑस्ट्रेलियात मात्र पाठीवर बिऱ्हाड घेणे ही उतारवयातली मिरवायची गोष्ट आहे. साठी ओलांडलेली जोडपी घराला कुलूप लावतात, काही जण तर घर विकूनच टाकतात, आणि गाडीमागे फिरते घर जोडून महिनोन्‌महिने देशाच्या पोटात हिंडतात. त्यांना इथे ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे भटके. दरवर्षी मे महिन्यात दक्षिणेकडे थंडी पडू लागली की हे भटके उत्तरेकडे निघतात आणि सप्टेंबरात ऊन तापू लागले की परततात.

माझे यजमान आणि मी तीस वर्षांहून अधिक काळ अॅडलेडमध्ये राहतो. ते सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाले, मी ग्रंथालयातून. गेली काही वर्षे आम्हीही कॅम्पर ट्रेलर जोडून आउटबॅकमध्ये जातो. या लेखात प्रवासवर्णन थोडेच आहे. मला एका प्रश्नाचे उत्तर मांडायचे आहे. भारताच्या दुपटीहून मोठा देश, जेमतेम पावणेतीन कोटी वस्ती, तीही बहुतेक किनाऱ्याला चिकटलेली. अशा देशाच्या मधल्या रखरखाटात दोन म्हातारी माणसे जाऊन सुखरूप परत येतात, ती कशाच्या बळावर?

पहिले उत्तर पैशाचे आहे आणि ते आधी दिलेले बरे. ऑस्ट्रेलियात १९९२पासून प्रत्येक नोकरदाराच्या नावे मालकाने निवृत्तिनिधीत रक्कम भरणे सक्तीचे झाले. सुरुवातीला ती वेतनाच्या तीन-चार टक्के होती, आज १२ टक्के आहे. साठीनंतर निवृत्त झाले की हा निधी हाती येतो, आणि ६७व्या वर्षापासून गरजूंना सरकारी पेन्शन मिळते. मुले वेगळी राहतात आणि नातवंडे सांभाळणे गृहीत धरलेले नसते. आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना आहे, पण तिच्यात सोडून जाणे आहे. इथला वानप्रस्थी शेगडी, फ्रिज आणि खुर्ची घेऊन अरण्यात जातो.

कॅम्पर ट्रेलर म्हणजे कॅरॅव्हॅन नव्हे. कॅरॅव्हॅन ही चाकांवरची पक्की खोली. कॅम्पर ट्रेलर ही दोन चाकांची बुटकी पेटी. झाकण उलटले की पोटातला कॅनव्हासचा तंबू उभा राहतो. तो वजनाला हलका आणि उंचीला कमी असल्यामुळे कच्च्या रस्त्यावर चालतो. आमचा ट्रेलर भरल्यावर साधारण बाराशे किलोचा होतो. साडेसातशे किलोपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. सामान कुठे ठेवायचे यालाही गणित आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा गाडीच्या हुकावर यायला हवा. मागे जास्त भार झाला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि शेवटी गाडीलाच आडवी करतो. म्हणून जड वस्तू चाकांच्या वर किंवा किंचित पुढे.

सगळ्यांत जड वस्तू असते पाणी. माणशी रोज दहा लिटर हा आमचा हिशेब: पिणे, रांधणे, आंघोळीच्या नावाने अंग पुसणे. टाकी शंभर लिटरची, म्हणजे शंभर किलो आणि पाच दिवस. गाडी अडकली तर आणखी वीस लिटर वेगळ्या कॅनमध्ये, आणि त्या कॅनला एरवी हात लावायचा नाही. घरून निघताना इतर सगळ्या वस्तूंबद्दल आमचा वाद होतो, पाण्याबद्दल होत नाही.

या पाण्यामुळेच माझे लक्ष रस्त्याकडे वळले. अॅडलेडच्या उत्तरेला सुमारे ७०० किलोमीटरवर मरी नावाचे गाव आहे. तिथून मार्लापर्यंत जाणारा ऊडनाडाटा ट्रॅक हा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. वाटेत दोनच वस्त्या. दोनशे किलोमीटरवर विल्यम क्रीक, तिथली कायमची वस्ती बोटांवर मोजण्याइतकी. आणखी दोनशेवर ऊडनाडाटा. १९६० साली २ जानेवारीला इथे ५०.७ अंश तापमान नोंदले गेले, आणि ऑस्ट्रेलियातला तो उच्चांक आजवर कोणी मोडलेला नाही. २०२२ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑन्स्लोने फक्त बरोबरी केली. सपाट वाळवंटात रस्ता आखायचा तर तो सरळ असायला हवा. हा रस्ता मात्र काती थांडा अर्थात लेक एअर या खाऱ्या तळ्याच्या दक्षिणेने आणि पश्चिमेने मोठा बाक घेतो. सर्वेक्षणात आयुष्य गेलेल्या माझ्या यजमानांनी नकाशावर बोट फिरवत विचारले, “हा वाकतो कशासाठी?” उत्तर जमिनीखाली आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या डोंगररांगांवर पडलेला काही पाऊस वालुकाश्मात मुरतो. त्या खडकाच्या वर आणि खाली पाणी न झिरपणारे थर आहेत, त्यामुळे ते पाणी जणू दोन पत्र्यांमध्ये अडकून वर्षाला काही मीटर या गतीने नैर्ऋत्येकडे सरकते. शाळेच्या भूगोलात आपण जिचे नाव पाठ केले ती ग्रेट आर्टेशियन बेसिन हीच. क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे देशाचा पाचवा हिस्सा. काती थांडाच्या काठाशी खडकाला भेगा आहेत आणि तिथे हे दाबाखालचे पाणी आपोआप वर येते. पाऊस पडल्यापासून इथवर पोचायला त्याला दहा लाखांहून अधिक वर्षे लागलेली असतात. पाण्यातले क्षार झऱ्याच्या तोंडाशी साचत जातात आणि हळूहळू टेकाड तयार होते. म्हणून या झऱ्यांना ‘माउंड स्प्रिंग’ म्हणतात. असे झरे मरीपासून ऊडनाडाट्याच्या दिशेने माळेसारखे पसरलेले आहेत. रस्ता वाकतो, कारण झरे वाकतात.

ही माळ पहिल्यांदा वापरली ती मूळनिवासींनी. या भागातल्या अराबाना लोकांच्या कथांमध्ये एकेका झऱ्याला उगमाची गोष्ट आहे. ती गोष्ट ज्याला येते त्याला पुढचे पाणी कुठे आहे हेही कळते. काती थांडाच्या परिसरातले लोक शेकडो किलोमीटर चालत दक्षिणेला फ्लिंडर्स पर्वतात जात आणि विधींसाठी लागणारी लाल गेरू घेऊन परतत. ओझे पाठीवर, मुक्काम झऱ्यावर. ‘आउटबॅक’ या शब्दात ‘मागचे, बाहेरचे’ असा अर्थ आहे. तो किनाऱ्यावर राहणाऱ्याचा अर्थ. या लोकांसाठी हा प्रदेश कुणाच्याही मागे नव्हता. २०१२ साली न्यायालयाने अराबानांचा येथील भूमीवरचा पारंपरिक हक्क मान्य केला.

नंतर आले गोरे शोधप्रवासी. जॉन मॅकडुआल स्टुअर्टने १८५८ ते १८६० या काळात झरा-दर-झरा पुढे सरकत हा मार्ग नोंदला, आणि १८६२च्या जुलैत त्याच वाटेने खंड ओलांडून तो उत्तरेच्या समुद्राला पोचला. दहा वर्षांनी, १८७२ साली, त्याच्या मागावरून पोर्ट ऑगस्टा ते डार्विन ही ३,२०० किलोमीटरची तार टाकली गेली. संदेश क्षीण होऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर तो पुन्हा पाठवणारी ठाणी लागत. ठाण्यात माणसे राहणार, माणसांना पाणी लागणार, म्हणून या पट्ट्यातली ठाणीही झऱ्यांजवळ. डार्विनहून तार समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रासला जाई, मद्रासहून जमिनीवरून मुंबईला, आणि मुंबईहून पुन्हा समुद्राखालून एडन-सुएझमार्गे लंडनला. अॅडलेडच्या व्यापाऱ्याला लोकरीचा भाव कळायला पूर्वी जहाजाची वाट पाहत महिने जात, आता तो मुंबईमार्गे काही तासांत कळू लागला. स्ट्रँगवेज स्प्रिंग्ज येथे त्या ठाण्याच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. तिथे चहा पिताना, या ओसाड जागेतून गेलेला प्रत्येक शब्द मुंबईतून गेला होता, हे मला फार जवळचे वाटले.

तारेचे खांब, पीठ, साखर, लोकरीच्या गासड्या वाहायला बैल आणि घोडे उपयोगाचे नव्हते. त्यांना रोज पाणी लागे. म्हणून उंट आले, आणि उंटांबरोबर उंटवाले. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी दोन डझन उंट कराचीहून मेलबर्नला उतरवले गेले. १८६६च्या सुरुवातीला शंभरहून अधिक उंटांचा दुसरा मोठा तांडा पोर्ट ऑगस्टाला पोचला, तोही कराचीहूनच. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. पुढच्या सहा दशकांत साधारण दोन हजार उंटवाले आणि वीस हजार उंट आले असावेत असा अंदाज सांगतात. त्या सगळ्यांना इथे ‘अफगाण’ म्हटले गेले, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण असे अनेक होते. मरीमध्ये रेल्वेरूळ हीच हद्द होती. रुळांच्या एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि मूळनिवासी. उंटवाल्यांनी तिथे मातीची मशीद बांधली. आज आहे ती तिची प्रतिकृती.

ग्रंथपाल म्हणून मला इथे एका पुस्तकाची हकीकत सांगितलीच पाहिजे. सिडनीकडून या भागात येताना ब्रोकन हिल हे खाणींचे शहर लागते. तिथल्या जुन्या पत्र्याच्या मशिदीत एक जाड ग्रंथ होता आणि तो कुराण आहे असे वर्षानुवर्षे समजले जाई. इतिहासकार सामिया खातून यांनी तो उघडून पाहिला तेव्हा ती ‘कसासोल अंबिया’ नावाची बंगाली पोथी निघाली, कलकत्त्यात छापलेली, पद्यात गाऊन म्हणायची. या शोधातून उभे राहिलेले त्यांचे ‘ऑस्ट्रेलियानामा’ हे पुस्तक २०१८ साली आले. पोथी कोणी आणली, रात्री उंट बसवून झाल्यावर ती कोण वाचत असेल आणि ऐकणारे किती असतील, हे आता कल्पनेनेच पाहायचे. आमच्या ट्रेलरच्या कप्प्यात दोन दिवाळी अंक असतात. त्या पोथीची हकीकत वाचल्यापासून मला ते जास्तीचे वजन वाटत नाही.

१९०१च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना देशाची दारे बंद झाली. ज्यांच्या उंटांवर वाळवंटातली ठाणी जगली त्यांना नागरिकत्व नाकारले गेले. मोटारी आल्यावर कामही गेले. १९२५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाने मोकाट उंट मारण्याचा कायदा केला. अनेक उंटवाल्यांनी उंट मारण्याऐवजी रानात सोडले. आज रस्त्यात आडवे येतात ते त्यांचेच वंशज.

रेल्वेही याच झऱ्यांवरून गेली, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी लागते. पोर्ट ऑगस्टाहून १८७८ साली सुरू झालेला मार्ग १८९१ साली ऊडनाडाट्याला आणि १९२९ साली अॅलिस स्प्रिंग्जला पोचला. गाडीला ‘घान’ म्हणू लागले, ते ‘अफगाण’चेच लघुरूप असे मानतात. पुराने रूळ वारंवार वाहून जात. शेवटी १९८० साली नवा मार्ग कितीतरी पश्चिमेला टाकला गेला. डिझेलच्या इंजिनाला झऱ्याची गरज नव्हती. ज्या दिवशी गाडीला पाणी नकोसे झाले, त्या दिवशी या गावांचे कारणच संपले. उरला रूळ उखडलेला मार्ग, रिकामी स्टेशने, आणि शेजारचा कच्चा रस्ता. त्या रस्त्यावर आता आमच्यासारखी जोडपी धूळ उडवत जातात आणि रोडहाउसमध्ये डिझेल, पाव व एक रात्र विकत घेतात. गावे त्यावर तग धरून आहेत.

कच्चा रस्ता म्हणजे काय ते सांगायला हवे. चाकांनी माती दाबली जाते आणि थोड्याच दिवसांत रस्त्यावर पत्र्याच्या पन्हाळीसारख्या आडव्या लाटा उठतात. चाक एखाद्या उंचवट्यावर किंचित उडते, पडते तिथे खड्डा करते, पुढे माती ढकलते. पुढचे चाक तेच वाढवते. पायी चालण्याच्या वेगाने गेले तर लाटा उठत नाहीत, पण तसे कोणी जात नाही. उपाय म्हणजे टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर लाट गिळतो, आणि वेग आवरता ठेवायचा. चार थेंब पाऊस पडला तर हीच माती साबण होते. मग रस्ता बंद केल्याची पाटी लागते, आणि पाटी ओलांडणाऱ्याला मोठा दंड होतो. ओल्या मातीत पडलेले चाकोरीचे खड्डे पुढे सगळ्यांनाच भोवतात. आम्ही विल्यम क्रीकला एकदा तीन दिवस असे थांबलो. शेवटी ग्रेडर घेऊन आलेल्या एकट्या माणसाने रस्ता खरवडून दिला.

त्याच मुक्कामात दुसऱ्या सकाळी यजमानांना चक्कर आली. फोनवर डॉक्टर मिळाला तो रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचा. पाद्री जॉन फ्लिन यांनी १९२८ साली क्लॉन्करी येथून सुरू केलेली ही विमानसेवा. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पॅडल मारून वीज निर्माण करणारा रेडिओ तयार केला आणि वाळवंटातल्या घरांना डॉक्टरशी बोलता येऊ लागले. दूरच्या ठिकाणी या सेवेची औषधपेटी असते. प्रत्येक औषधाला क्रमांक असतो, म्हणजे डॉक्टरने आकडा सांगायचा आणि समोरच्याने ती बाटली काढायची. नावाचा घोटाळा नको. डॉक्टरीणबाईंनी वीस मिनिटे प्रश्न विचारले, आमच्या गोळ्यांची यादी वाचून घेतली, दर दोन तासांनी रक्तदाब कळवायला सांगितला. विमान लागले नाही. पण ते लागले असते तर आले असते, हे माहीत असणे आणि नसणे यांत तिथे मोठे अंतर आहे.

चक्कर ओसरली, पण दुसरी गोष्ट ओसरणारी नव्हती. यजमानांच्या डोळ्यांच्या पडद्याला वयाने येणारा विकार आहे, आणि त्यांना गाडी चालवता येईल असे ते बहुधा शेवटचेच वर्ष होते. अशा जोडप्यांत कामे वाटलेली असतात: एक चालवतो, दुसरी नकाशा पाहते, एकाला हुक सोडवता येतो, दुसरीला तंबू. एक माणूस खाली बसले की अर्धे ज्ञानच हरवते. म्हणून त्या तीन दिवसांत, रस्ता बंद असताना, विल्यम क्रीकच्या मोकळ्या मैदानात मी ट्रेलर मागे घ्यायला शिकले. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावे लागते. यजमानांनी युक्ती सांगितली: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, मग ज्या बाजूला हात नेशील त्याच बाजूला ट्रेलर जाईल. ते मागे उभे राहून हाताने खुणा करत होते. किती अंतर उरले हे त्यांना नीट दिसत नव्हते, म्हणून ते पावलांनी मोजून ओरडत होते. चाक बदलणे, हुक लावणे, ब्रेकची तार जोडणे हेही मी तिथेच शिकले.

रस्ता उघडल्यावर आम्ही मरीच्या दिशेने परत फिरलो आणि कॉवर्ड स्प्रिंग्जला मुक्काम केला. नावाचा भित्रेपणाशी संबंध नाही. १८५८च्या मोहिमेतल्या एका पोलिसाचे ते आडनाव. रेल्वेसाठी खणलेल्या बोअरचे कोमट पाणी तिथे एका लहान हौदात येते, भोवती खजुराची जुनी झाडे आहेत. जवळच ‘बबलर’ हा झरा आहे. त्याच्या निळसर डोळ्यात वाळू सतत वर उसळते आणि स्थिरावते. हे पाणी अक्षय वाटते, पण ते दाबावर चालते, आणि दाब उसना मिळत नाही. १८७८पासून गुरांसाठी हजारो बोअर खोदले गेले, त्यांतले पुष्कळ दशकानुदशके उघडेच वाहत राहिले, आणि कित्येक झरे आटले. १९९९पासून सरकारी योजनेतून उघड्या बोअरना तोट्या बसवणे, चरांऐवजी नळ टाकणे सुरू झाले. काही ठिकाणी दाब परत वाढला. दुसरीकडे, १९८०च्या दशकापासून ऑलिम्पिक डॅमची तांबे-युरेनियमची खाण याच पाण्यातून रोज कोट्यवधी लिटर उपसते, आणि आपल्या झऱ्यांचे काय होणार, हा अराबानांचा प्रश्न आजही उभा आहे.

तेव्हा, दोन म्हातारी माणसे कशाच्या बळावर जातात, याचे माझे उत्तर असे. निवृत्तिनिधी आणि दणकट गाडी हा त्याचा लहान भाग. मोठा भाग म्हणजे पाण्याची ही रेघ, आणि ती ओळखणारे, नोंदणारे, तिच्यावरून ओझी वाहणारे, रस्ता खरवडणारे, फोन उचलणारे लोक. ग्रे नोमॅडांच्या गप्पांत ‘आम्ही कुणावर अवलंबून नाही’ हे वाक्य वारंवार येते. ते म्हणणाऱ्याच्या टाकीत कुणाच्या तरी बोअरचे पाणी असते. उतारवयात आपल्याला भीती वाटते ती अवलंबून राहण्याचीच. पण या रस्त्यावर कोणत्याही वयात कोणीही अवलंबून न राहता गेलेला नाही. स्टुअर्ट गेला नाही, उंटवाले गेले नाहीत, गाडीही गेली नाही.

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा निघतो आहोत. गाडी मी चालवीन. नकाशा यजमानांकडे राहील, भिंगासह, आणि त्यावर त्यांनी या वेळी गावांऐवजी झऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहून घेतली आहेत.